टाक्यांनंतरचे सूर्यनमस्कार

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आमच्याच जालना जिल्ह्यातल्या, घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी झाला. बलोपासनेचा वारसा असा घरचाच. त्यामुळे पाठीवरची चरबीची गाठ काढून घेतल्यावर 'सूर्यनमस्कार पुन्हा कधी?' हाच आमचा पहिला प्रश्न होता.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. आरशात जखम मिटलेली दिसत होती. परंतु मिटणे आणि सांधणे यांत अंतर आहे. त्वचेतले तंतू सावकाश विणले जातात. दोन आठवड्यांनी तेथे मूळ बळाच्या जेमतेम १० टक्के बळ असते, सहा आठवड्यांनी सुमारे निम्मे. आणि तीन महिन्यांनंतरही ते ८० टक्क्यांच्या फारसे पुढे जात नाही. नमस्कारात पाठ वाकते तेव्हा जखमेच्या दोन्ही कडा विरुद्ध दिशांना ओढल्या जातात. घाई झाली तर व्रण रुंदावतो, प्रसंगी जखम उसवतेही.

म्हणून आम्ही क्रम ठरवला : आधी चालणे, मग पायांचे हलके व्यायाम, आणि खांद्या-पाठीला ताण देणारे सारे शेवटी, तेही डॉक्टरांच्या अनुमतीने. लाली, सूज, स्राव वा ठणका जाणवला की थांबायचे आणि दाखवून घ्यायचे.

दुसऱ्याच्या जुन्या दुःखाला हात घालणाऱ्यास 'खपली काढू नकोस' असे आपण बजावतो. स्वतःच्या देहाशी तेच करताना मात्र आपण त्याला जिद्द म्हणतो. बलोपासनेतल्या 'उपासना' या शब्दाचा मूळ अर्थ जवळ बसणे असा आहे. ते सहा आठवडे आम्ही देहाजवळ नुसते बसलो.