पाण्याची नावं

रतनगढहून बिकानेरला जाणारी पॅसेंजर गाडी. खिडकीबाहेर खेजडीची तुरळक झाडं, फोगाची झुडपं आणि वाळू. स्टेशनांच्या पाट्या मात्र भलतंच सांगत होत्या : राजलदेसर, बेनीसर, सूडसर, नापासर. सर म्हणजे सरोवर. ओलाव्याचा मागमूस नाही आणि नावानावात तळं!

समोरच्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "बाईसा, तळं खोदणाऱ्याचं नाव तळ्याला लागतं, आणि तळ्याचं गावाला. पाणीच नसेल तर गाव वसेल कशावर?"

तेव्हापासून थरच्या वाळवंटातली नावं मी वेगळ्या कानांनी ऐकते. 'थर' हे 'थळ'चंच रूप, मूळ संस्कृत 'स्थल'. म्हणजे मुलुखाला नुसतं 'जमीन' म्हणून सोडून दिलं, आणि माणसाचं नाव जपून ठेवलं ते पाण्यासाठी. जैसलमेरच्या गडीसरला रावळ गडसीचं नाव आहे, चौदाव्या शतकातलं. वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या गावात कित्येक पिढ्यांनी त्या तळ्यावर घागरी भरल्या. रोज पाणी भरताना ज्याचं नाव ओठांवर येतं, त्याला आणखी कुठलं स्मारक हवं?

पाण्यालाही तिथे एकच नाव पुरत नाही. पावसाचं ते पालर, विहिरीच्या तळचं ते पाताळपाणी, आणि या दोहोंमधलं रेजाणी. अनुपम मिश्रांच्या 'राजस्थान की रजत बूंदें'मध्ये ही वर्गवारी वाचली होती, पण कुई पाहिली तेव्हा ती खरी उमगली. कुई म्हणजे अगदी अरुंद विहीर, खोदणाऱ्याला जेमतेम बसता येईल एवढीच. कोसळू नये म्हणून आतून खींप झुडपाच्या जाड दोराची वेटोळी चढवलेली. खाली जिप्समचा थर असतो. पावसाचं मुरलेलं पाणी तो वर अडवतो, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. वाळूतली ती ओल रात्रभर थेंबाथेंबानं झिरपते आणि दिवसाला दोन-चार घागरी भरतात. लाकडी झाकणाला कुलूप होतं. घरच्या सुनेनं ते उघडलं, मी आत डोकावले, आणि अंधारातून गार वास तेवढा वर आला.

लूणकरणसर या गावाच्या नावानं मला फसवलं. तिथलं सरोवर खारं, म्हणून 'लूण' म्हणजे मीठ असं मी गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात नाव आहे सोळाव्या शतकाच्या आरंभी बिकानेरवर राज्य करणाऱ्या राव लूणकरणाचं. लूणी नदी मात्र खरोखर लवणाची. अरवलीतून गोड निघते, बालोतऱ्याच्या पुढे खारट होत जाते आणि कच्छच्या रणात विरते. आपल्या लोणारचं 'लोण' तेच, लोणच्यातलंही तेच. आजी दृष्ट काढून लिंबलोण उतरवायची, तेव्हा तिच्या मुठीतल्या मिठाचं नाव वाळवंटातल्या एका नदीला आहे, हे तिला सांगायला हवं होतं.

बिकानेरचं 'नेर'ही आपल्या ओळखीचं. अमळनेर, पारनेर, संगमनेर यांच्यासारखंच ते 'नगर'वरून आलं असं मानतात. तिथली लोककथा मात्र वेगळं सांगते : नेरा नावाच्या जाटानं राव बिकाला जागा दिली ती एकाच अटीवर, गावाच्या नावात माझंही नाव असू दे. व्युत्पत्ती काहीही म्हणो, मला ही कथा सोडवत नाही. जागा देणाऱ्याचं नाव राहावं, ही त्या मातीची जुनी रीत आहे.

पुढे इंदिरा गांधी कालव्याच्या मुलखात गेले. पाणी आलं, गहू-मोहरीची शेतं आली, आणि कितीतरी नव्या वस्त्यांची नावं झाली आकडे आणि इंग्रजी अक्षरं. 'आरडी' आणि पुढे-मागे एक संख्या. कालव्याच्या मुखापासून ते ठिकाण किती अंतरावर, एवढाच तिचा अर्थ. हिरवं शेत बघून मन निवलं, तरी ती पाटी वाचताना आत काहीतरी तुटलं. एवढं पाणी आलेल्या वस्तीला माणसाचं नाव का मिळू नये?

बसथांब्यावर एका मुलीला मी गावाचं नाव विचारलं. तिनं आकडा सांगितला. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "आजी त्याला अजून आपल्या जुन्या गावाच्याच नावानं हाक मारते."

मी ते नाव विचारलं. त्याच्या शेवटी 'सर' होतं.