उजळाईवाडीचा विमानतळ आणि रिकामी फेरी

कोल्हापूर शहरापासून सुमारे ९ किलोमीटरवर, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीनजीक उजळाईवाडीचा विमानतळ आहे. १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झालेल्या या विमानतळाला २०२४ मध्ये नवी, प्रशस्त इमारत लाभली. इचलकरंजीच्या कापडासाठी वा हुपरीच्या चांदीसाठी येणारा व्यापारी येथे उतरतो आणि महानगरातील सवयीने मोबाईलच्या ॲपवर गाडी शोधू लागतो.

मुंबईत रात्रंदिवस विमाने उतरतात, म्हणून गाड्याही तेथेच घुटमळतात. लहान विमानतळावर दिवसाकाठी मोजकीच विमाने येतात. मधल्या वेळेत चालक कशासाठी थांबेल? ॲपने शोधलेली गाडी बहुधा शहरातून रिकामी निघते. प्रवाशाला हुपरीस सोडल्यावर परतीचे भाडे मिळेलच असे नाही. एका भाड्यातून दोन्ही बाजूंचे इंधन सुटेनासे झाले, की चालक फेरी रद्द करतो. हा अप्रामाणिकपणा नसून हिशेब आहे. मालमोटारीचे भाडे ठरविणाऱ्या व्यापाऱ्यास तो सांगावा लागत नाही.

उतरताना गाडी उशिरा मिळाली, तर वृद्ध आईवडिलांना ताटकळावे लागते. परतताना मिळालीच नाही, तर विमान चुकते आणि तिकिटाचे पैसे बुडतात. म्हणून ॲप जरूर वापरावे. परंतु परतीची गाडी आदल्या दिवशीच ठरवून चालकाचा क्रमांक टिपून ठेवावा. येणे-जाणे एकाच चालकाशी बोलून घेतल्यास उत्तम. जी फेरी दोघांनाही परवडते, तिची गाडी सहसा चुकत नाही.