भात, गवत आणि आंबा

आमच्या देवगड तालुक्यात धालवली म्हणून गाव आहे. तिथे 23 ऑगस्ट 1918 ला गोविंद विनायक करंदीकर जन्मले. पुढे अख्खा महाराष्ट्र त्यांना विंदा म्हणू लागला. कोल्हापुरात शिकले, मुंबईत रुइया आणि एस. आय. ई. एस. कॉलेजात पोरांना इंग्रजी शिकवलं, वांद्र्याच्या साहित्य सहवासात राहिले. 14 मार्च 2010 ला गेले.

मी दहावी शिकलेला शेतकरी. त्यांचं सगळं मला कळतं असं नाही. पण पुस्तकांची नावं बघा. पहिला संग्रह 1949 चा, 'स्वेदगंगा'. स्वेद म्हणजे घाम. दुसरा 1954 चा 'मृद्गंध', म्हणजे मातीचा वास. चिखलात उभा राहणाऱ्याला ही नावं परकी वाटत नाहीत.

त्यांची आठवण निघाली ती मुलुंडला. आंब्याचा हंगाम आटपून दोन पेट्या घेऊन धाकट्या भावाकडे गेलो होतो. पुतणी बारावी झालेली. तिला आर्ट्सला जाऊन मराठी घ्यायचं होतं. ती कविता करते. भाऊ म्हणत होता कॉमर्स. मला म्हणाला, "दादानू, तुमीच सांगा तिका. कवितेन चूल पेटता काय?"

त्याचं भय खोटं नव्हतं. जागेचे हप्ते अजून फिटायचे आहेत.

मी म्हटलं, नाय पेटत. विंदांनी तरी कुठे पेटवली? त्यांची चूल मास्तरकीवर. 1949 चा पहिला संग्रह, आणि ज्ञानपीठ मिळालं ते 2003 सालचं. मधली चोपन्न वर्षं कवितेच्या भरवशावर कोण बसेल? आपलं तसंच आहे. भात पोटाला, हापूस नशिबाला. कलम एक वर्ष लागतं, एक वर्ष रुसतं. पण आंबा पिकवायला अढी घालतो ती भाताच्याच गवताची. विंदा इंग्रजी शिकवायचे, म्हणून तर ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र आणि शेक्सपिअरचा 'राजा लिअर' मराठीत आले. नोकरी कवितेच्या आड आली नाही, तिच्या उबेला राहिली.

मग पुतणीकडे वळलो. म्हटलं, बाय, तुलाही सांगतो. नुसती कविता नको. एम. ए. कर, परीक्षा दे, शिकवायची तयारी कर. ती तुझी लावणी. कंबर मोडते, पण चुकवायची नाही.

भाऊ म्हणाला, "आणि नोकरी नाय गावली तर?"

"वेळ लागेल. तोवर तांदूळ गावाहून येतील. कातळावरच्या दहा कलमांचे पैसे तिच्या फीचे."

तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी आर्ट्सचा फॉर्म भरला.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा धुक्याने मोहोर काळा पडला. त्या दहा कलमांवर पाच पेट्याही उतरल्या नाहीत. फी शेवटी भात विकून पाठवली. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "काकानू, ह्यावर लिहू काय?"

म्हटलं, लिही. पण आधी परीक्षेचं बघ.