शिंकेवरची गोळी

जी वस्तु सुलभ होते, तिचें भय मनुष्यास वाटेनासें होतें. पावसाळ्यांत पुण्यांतील मोकळ्या जागा गाजरगवताच्या पांढऱ्या फुलांनीं भरून जातात. ह्या परकी तणाची पुण्यांतील नोंद १९५६ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें तें देशभर पसरलें. त्याच्या परागांनीं कित्येकांस शिंका येतात व स्पर्शानें अंगावर पुरळ उठतें. मग घरांत सेटिरिझिनची किंवा क्लोरफेनिरामिनची गोळी येते. दुकानांत मागतांच ती मिळते. चिठ्ठी सहसा कोणी विचारीत नाहीं.

अशा दिवसांत माझ्या वर्गांतील एखादा हुशार मुलगा दुसऱ्याच तासास डुलक्या घेऊं लागतो. विचारपूस करावी, तों उत्तर येतें, "सर, आईनें सकाळीं सर्दीची गोळी दिली." आईची माया खरी आणि मुलाची सर्दीही खरी, परंतु त्या दिवसाचा धडा मात्र वायां जातो.

ह्याचें कारण जाणून घेण्यासारखें आहे. हिस्टामिन नांवाच्या द्रव्यामुळें शिंका व खाज येते. पण तेंच द्रव्य मेंदूंत मनुष्यास जागें ठेवण्याचें काम करतें. क्लोरफेनिरामिनसारखीं जुनीं औषधें मेंदूंत सहज शिरून तेंही काम अडवितात. शिवाय तोंड कोरडें पडतें, नजर अंधुक होते, वृद्धांस लघवीस अडथळा होण्याचा संभव असतो. सेटिरिझिन मेंदूंत कमी शिरतें. तरी त्यानेंही कित्येकांस झोंप येतेच.

२०२३ च्या डिसेंबरांत भारताच्या औषध-नियंत्रकांनीं, क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचें मिश्रण ४ वर्षांखालील बालकांस देऊं नये, असा इशारा वेष्टनावर छापण्यास फर्माविलें. २०२५ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या औषध-खात्यानें कळविलें कीं, सेटिरिझिन दीर्घकाळ रोज घेऊन थांबविल्यास क्वचित् तीव्र खाज सुटते.

औषध टाकून द्यावें, असें माझें म्हणणें नाहीं. शिंकांनीं बेजार झालेल्या मुलासही धडा समजत नाहीं. परंतु पालकहो, नवी गोळी परीक्षेच्या सकाळीं प्रथमच देऊं नका. ती घेऊन कोणी वाहन चालवूं नये. सर्दीच्या पुष्कळ पातळ औषधांतही हेंच द्रव्य असतें, म्हणून दोन्ही एकदम देण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारा. आणि विद्यार्थिमित्रांनो, वेष्टनावरील बारीक अक्षर आजोबांस दिसत नसेल, तर तें त्यांस मोठ्यानें वाचून दाखवा. शाळेंत शिकलेल्या वाचनाचा ह्याहून चांगला उपयोग घरांत क्वचितच होईल.