राणीच्या बागेतलं कोवळं ऊन

पुसेगाव म्हटलं की लोकांना चटकन साताऱ्याकडचं, सेवागिरी महाराजांचं पुसेगाव आठवतं. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं. इथून मुंबई म्हणजे लांबचा पल्ला. पण २०२४ पासून जनशताब्दी हिंगोलीहून सुटू लागली आणि लग्नकार्याच्या निमित्तानं मुंबई गाठणं जरा सोपं झालं. अशा वेळी भेटीगाठी नि साड्यांच्या खरेदीतून एक दिवस राखून ठेवावा आणि मुलांना घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत जावं. थंडीतलं ऊन अंगावर घ्यायला याहून छान जागा मुंबईत क्वचितच सापडेल!

ही राणी म्हणजे व्हिक्टोरिया. १८६२ साली बाग खुली झाली ती तिच्या नावानं. आज ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा, म्हणजे आपल्याच शेजारचं. त्यामुळे फाटकावरचं नाव वाचताना आपल्याकडच्या बाईला परकं वाटत नाही.

मुलं आधी पेंग्विनकडे धावतात. चिली-पेरूच्या किनाऱ्यावरच्या जातीचे हे पक्षी २०१६ साली दक्षिण कोरियातून आले. बाहेर घाम आणि काचेआड ती थंडगार मंडळी, मोठी मौज वाटते. पण बागेचं खरं वैभव तिची झाडं. गोरखचिंचेच्या बुंध्याला हातात हात घालून वेढा घालायला लावा, मुलं खूष होतील. कृष्णवडाचं पान द्रोणासारखं वळलेलं असतं. कृष्णानं त्यात लोणी लपवलं, अशी गोष्ट सांगतात. उर्वशीचे लालकेशरी घोस तर पाहातच राहावे.

ही झाडं आपल्याला बघायला मिळतात त्यामागे काही बायकांचा हट्ट आहे. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालय नव्यानं उभारण्याची भली मोठी योजना पुढे आली. त्यात जुनी झाडं जातील, या काळजीनं काही जागरूक स्त्रिया एकत्र आल्या. त्यांनी नुसती तक्रार केली नाही. बागेत फिरून झाडांची नोंद केली, जाती ओळखल्या, लोकांना दाखवल्या, पुढे पुस्तकही काढलं. योजना बदलावी लागली. नूतनीकरण झालं, पण वनस्पतींची बाग म्हणून असलेली तिची ओळख पुसली गेली नाही.

शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं. मोडकळीला आलेली ही वास्तू २००३ पासून काही वर्षं खपून दुरुस्त केली आणि २००८ साली पुन्हा उघडली. या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. आतल्या मातीच्या बाहुल्यांमधून जुन्या काळचे कारागीर, त्यांचे व्यवसाय, पेहराव मुलांना पटकन कळतात. ज्यांचं नाव संग्रहालयाला आहे ते भाऊ दाजी स्वतः डॉक्टर, आणि मुलींच्या शिक्षणाचे पाठीराखे. बाहेर घारापुरी बेटावरचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली तो विलायतेला न्यायच्या खटपटीत पडून फुटला होता. पुढे तुकडे जोडून पुन्हा उभा केला!

जायच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बुधवारी बाग बंद असते. मध्य रेल्वेचं भायखळा स्टेशन जवळच आहे. तिथून पूर्वेला चालत जाता येतं. संग्रहालय उघडं आहे ना, हे आधी विचारून घ्यावं. सकाळी लवकर निघा, पाण्याची बाटली आणि मुलांच्या टोप्या विसरू नका. गाडीसाठी दशम्या नि शेंगदाण्याची चटणी बांधावी. दोन दिवस सहज टिकतात. बागेत मात्र खाण्याचं काय चालतं ते फाटकावर विचारावं आणि प्राण्यांना काहीही घालू नये.

परत आल्यावर एक करून पाहा. आपल्या शाळेच्या, देवळाच्या, ग्रामपंचायतीच्या आवारातली झाडं मुलांकडून मोजून घ्या, नावं वहीत उतरवा. उद्या एखाद्या झाडावर कुऱ्हाड आलीच, तर 'हे झाड आमच्या वहीत आहे' असं म्हणायला घरातलं कुणीतरी पुढे येईल.