दार बंद, पाइप उघडा

आमच्या पर्वत पाटियात पावसाने जोर धरला की लोक आधी एकच विचारतात, "खाडीला पाणी किती?" 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला आलेला पूर कोणीच सुरतकर विसरलेला नाही. पण आमच्या भागाचं नेहमीचं दुखणं म्हणजे खाडीपूर.

जून 2025 मध्ये खाडी चढली, तेव्हा मी निश्चिंत होतो. उंबऱ्याला फळी लावलेली, मागे वाळूच्या गोण्या. अंगणात पाणी, घर कोरडं. तेवढ्यात आईची हाक आली, "अरे, मोरीतून पाणी येतंय!" पाठोपाठ संडासही भरून वाहू लागला. गावाकडून आलेले वर्षाच्या गव्हाचे कट्टे खाटेखाली होते, ते त्या घाण पाण्यात भिजले. आई एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

पाणी ओसरल्यावर प्लंबर आले. चेंबरचं झाकण उचलून म्हणाले, "भाऊ, दार बंद केलंत, पण पाइप उघडाच होता ना!"

गोष्ट साधी आहे. गटार उताराने वाहतं. बाहेरची लाइन तुंबून तिथल्या पाण्याची पातळी आपल्या फरशीच्या वर गेली की पाणी उलटं फिरतं आणि घरातल्या सगळ्यांत खालच्या तोंडातून बाहेर येतं. तळमजल्यावर ते तोंड म्हणजे मोरीची जाळी. त्यात आमच्या गच्चीचा पाइपही त्याच चेंबरमध्ये सोडलेला. म्हणजे भर घालणारे आम्हीच!

आता शेवटच्या चेंबरजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवलाय. त्याची झडप पाणी बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाही. पण झडप मिटलेली असताना आपलंही पाणी बाहेर जात नाही. म्हणून गच्चीचा पाइप आधी वेगळा काढला. खाडी चढली की धुणी-भांडी, आंघोळ, फ्लश सगळं बंद, वरच्या मजल्यावरही. शिवाय केस, चिंधी, पिशवी अडकली तर झडप नीट मिटत नाही, म्हणून दरवर्षी मृगाआधी चेंबर उघडून ती साफ करायची.

यंदा ते काम मी स्वतः उभं राहून करून घेतलं. आईने मात्र गव्हाचे कट्टे वरच्या मजल्यावरच ठेवलेत. मी त्यावर काही बोललो नाही. उलट, शेवटचा कट्टा मीच उचलून वर नेला.