सुकतीचा अर्धा गुण

देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, एक होडीवाला पोरगा पुण्याच्या कुटुंबाला समजावत होता. सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा पट्टा हाय टाईडला पाण्याखाली जातो, लो टाईडला वर येतो, तेव्हा दुपारनंतरच या. इंग्रजी शब्द त्याच्या तोंडात छान रुळले होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ‘होय बाबा, सुकती लागली हा. होडी पलीकडे लावतंय,’ एवढं बोलून त्याने फोन खिशात टाकला आणि मागचं वाक्य उचललं, ‘तर काका, लो टाईडला...’

त्या काकांच्या ते ध्यानातही आलं नसेल. मी मात्र शाळेत जाऊन पोचले.

ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. सहामाहीच्या भूगोलाच्या पेपरात मी ‘भरती व सुकती’ असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी सुकतीवर लाल रेघ मारली, वर ‘ओहोटी’ लिहिलं आणि अर्धा गुण कापला. पुढे आयुष्यात याहून मोठी नुकसानं झाली, त्यांतली बरीचशी विसरूनही गेले. हा अर्धा गुण काही विसरत नाही. ओहोटी या शब्दाशी माझं वैर नाही, तोही मराठीच आणि किनाऱ्यावरचाच. पण त्याच धड्यात ‘उधाणाची भरती’ आणि ‘भांगाची भरती’ अशी जाड ठशातली दोन नावं होती. उधाण आणि भांग हे तर आमच्या वाडीतले शब्द. आजीच्या तोंडातले. भांगाला पुस्तकात जागा आणि सुकतीला लाल रेघ, ही वाटणी कोणी आणि कशी केली, हे मला अजून कळलेलं नाही.

भूगोलाचे सर घाटावरून आलेले. समुद्र त्यांनी नोकरीवर रुजू झाल्यावरच पाहिला, असं ते स्वतःच सांगत. सर चांगले होते, मन लावून शिकवायचे. भांगाची भरती आली तेव्हा म्हणाले, ‘ही महाशिवरात्रीची भांग नव्हे बरं का.’ वर्ग खदखदून हसला. मग त्यांनी विचारलं, ‘मग कुठली? सांगा पाहू.’

कोणी बोललं नाही.

अर्धा वर्ग रापणीच्या मासेमारीला जाणाऱ्या घरांतला होता. आदल्या रात्री कोणाच्या ना कोणाच्या ओट्यावर भांगाचा विषय निघालेलाच असणार. मला स्वतःला पक्कं ठाऊक होतं की भांग म्हणजे आजी घरी असते ते दिवस. आजी सुकतीला कालवां काढायला जायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जसं खूप चढतं तसंच खूप मागेही जातं, दूरपर्यंतची खडपां उघडी पडतात आणि बायकांच्या टोपल्या भरतात. अष्टमीच्या सुमारास पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. ‘आज भांग आसा, खडपां उघडी पडूची नाय,’ म्हणून ती पडवीत पाय पसरून बसायची, आणि त्या दिवशी आम्हाला ओरडाही जास्त बसायचा. आता ही काय व्याख्या झाली? सरांना कुठल्या तोंडाने सांगायची?

सरांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग फळ्यावर लिहून दिलं आणि आम्ही उतरवून घेतलं.

इथे मध्येच बाळशास्त्री जांभेकर आठवतात. आठवायला तसं कारण नाही, पण या जिल्ह्यात शाळेचा विषय निघाला की पोंभुर्ल्याची वाट येतेच. देवगड तालुक्यातल्या त्या गावात १८१२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईला जातो, ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढतो, १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू करून त्यात भूगोल आणि विज्ञान मराठीत मांडू लागतो आणि १८४६ मध्ये जातोही. चौतिशीत. ‘दर्पण’च्या पानावर दोन स्तंभ असत, एकात मराठी, शेजारी इंग्रजी. शाळेसाठी त्यांनी व्याकरण, भूगोल, गणितावर पुस्तकं लिहिली. कलनशास्त्रावरच्या पुस्तकाला त्यांनी ‘शून्यलब्धि’ हे नाव दिलं. गणितात मी यथातथाच, पण ते नाव मला फार आवडतं. ज्या विषयाला मराठीत बसायला पाटही नव्हता त्याला या माणसाने मांडीवर घेतलं.

पुढे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी भाषा संचालनालय आलं आणि शास्त्राशास्त्राचे परिभाषा कोश निघू लागले. १९६७ ला बालभारती आली. या सगळ्यांत कुठेतरी, कोणीतरी किनाऱ्यावरची दोन-चार नावं उचलून पुस्तकात ठेवली. भांग, उधाण, पुळण, खारे वारे, मतलई वारे. ठेवणाऱ्याचे उपकारच. फक्त ही नावं कुठून उचलली हे धड्यात कुठे लिहिलं नाही. त्यामुळे आमच्याच दारातून गेलेली माणसं परत आली तेव्हा आम्ही त्यांना पाहुणे समजून पाणी विचारत बसलो.

मी नंतर शिक्षिका झाले, मालवण तालुक्यातच, भूगोलाचीच. पहिली काही वर्षं वर्गात गेले की ती शांतता आठवायची. भीती असेल, असं आधी वाटायचं. मग वाटू लागलं, मुलं घाबरलेली नव्हती, हसली होती की सगळी. देवबागच्या त्या पोराला ऐकलं तेव्हा उलगडलं. बाबांना सुकती, काकांना लो टाईड. चूक होणं शक्यच नाही. आम्हीही तशीच तयार पोरं होतो. कुठला शब्द कुठल्या उंबऱ्याच्या आत चालतो हे आम्हाला व्याकरणापेक्षा पक्कं येत होतं. वर्गात भांग पुस्तकाचा होता आणि पुस्तकातलं आपल्याला आधीच ठाऊक असू शकतं, ही शंकासुद्धा कोणाच्या मनात आली नाही.

ती शांतता नको म्हणून माझ्या वर्गात भरतीचा धडा पुस्तकातून सुरू व्हायचा नाही, भिंतीवरच्या कालनिर्णयापासून व्हायचा. (कालनिर्णय १९७३ मध्ये सुरू करणारे जयंतराव साळगांवकर मूळचे मालवणचे, हे मी दर वर्षी अभिमानाने सांगायचे आणि मुलं दर वर्षी कंटाळायची.) तिथी पाहायची आणि तिची पाऊणपट करायची, जुन्या लोकांचा हिशेब. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. मग प्रत्यक्ष जाऊन बघायचं. वेळ कधी बरोबर यायची नाही, आणि मला तेच हवं असायचं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, पाऊणपटीच्या हिशेबात ती पंचेचाळीसच होतात. शिवाय किनाऱ्याचा आकार आणि खोली गावागणिक वेगळी. मुंबईला मोठ्या उधाणाचं पाणी चार मीटरच्या वर खेळतं, मालवणला त्याच्या निम्म्याच्या आसपास. असं भांडत भांडत मुलं ‘का?’ला येऊन पोचायची.

आणि ‘का’चं उत्तर आजीकडे नव्हतं, हेही मला सांगितलं पाहिजे. हल्ली आपल्या बोलीचं कौतुक करताना आपण पुस्तकाला उगाच झोडपतो. भांग कधी, हे आजीला भिंतीवर न बघता कळायचं. पण अष्टमीला सूर्य आणि चंद्र पृथ्वीपासून काटकोनात उभे राहतात, सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो, दोघे दोन दिशांना ओढतात आणि म्हणून पाणी बिचारं मध्येच रेंगाळतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तिने ऐकून घेतलं आणि ‘असात’ म्हणून सुपारी कातरत बसली. मला मात्र तो काटकोन कळल्यापासून अष्टमीचा अर्धा चंद्र पूर्वीसारखा दिसेना. हे फळ्यावरच्या शब्दांनीच दिलं.

सगळेच शब्द काही किनाऱ्यावर सापडत नाहीत. बाष्पीभवन घ्या. एका मुलीने गंभीरपणे विचारलं होतं, हे भवन कुठे बांधलंय? तालुक्याला पंचायत समितीचं भवन तिने पाहिलेलं, तिचा प्रश्न रास्तच होता. तेव्हा शब्द फोडून दाखवला. बाष्प आणि भवन, म्हणजे वाफ होणं. मग सांद्रीभवन, घनीभवन, द्रवीभवन मुलांनी आपले आपण फोडले आणि शाळा सुटेपर्यंत ‘भिजीभवन’, ‘झोपीभवन’ असले शब्द वर्गात फिरत होते. परिवलन आणि परिभ्रमण यांच्यापुढे मात्र माझी कुठलीच युक्ती चालली नाही. स्वतःभोवती कुठलं आणि सूर्याभोवती कुठलं, हा घोळ दर वर्षी नव्याने व्हायचा.

आता सेमी इंग्रजी आहे. गणित-विज्ञान इंग्रजीतून, भूगोल मराठीतून. विज्ञानाच्या तासाला ग्रॅव्हिटेशन येतं, पुढच्या तासाला भूगोलात गुरुत्वाकर्षण आणि केंद्रोत्सारी बल येतात. विज्ञानाच्या बाई भूगोलाच्या बाईंशी बोलल्या नाहीत, तर हे दोन वेगळे प्राणी आहेत असं समजून मूल दहावीपर्यंत जाऊ शकतं. मुलांना सेमीत घालणाऱ्या आईबापांना मी नावं ठेवत नाही, माझी नातवंडंही तिथेच आहेत. मला फक्त ‘दर्पण’चे शेजारी शेजारी बसलेले दोन स्तंभ आठवतात. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारायला कितीसा खडू लागतो?

मध्यंतरी वेंगुर्ल्याला गेले होते. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. वल्हं मारता मारता आमच्या होडीतल्या बाई नावं सांगत होत्या. हा कांदळ, हा रायझोफोरा. ही तिवर, अविसेनिया. ती चिप्पी, सोनेरेशिया. मुंजीत मंत्र म्हणतात तसं पाठ केलेलं वाटत नव्हतं, हात त्या त्या झाडाकडे आधी जायचा आणि नाव मागून यायचं. तिवरीच्या चिखलातून वर आलेल्या खुंटांकडे बोट करून म्हणाल्या, ही श्वसनमुळं, चिखलात हवा नाही म्हणून झाड वरून श्वास घेतं. मग माझ्याकडे बघून हळूच, ‘आम्ही ल्हान असताना ही नुसती पायाक टोचायची.’

ही कठीण नावं तुम्हाला शिकवली कशी, मी विचारलं. पेशाची खोड.

‘आधी झाडाकडे घेवन गेले,’ त्या म्हणाल्या. ‘मगे नाव सांगितल्यानी.’

आणि पाठ कशी झाली, हा पुढचा प्रश्न विचारायला मी जरा उठून पुढे वाकले, तर म्हणाल्या, ‘बाई, खाली बसा आधी. होडी कलता.’